रोमानी भाषा, इतिहास आणि लोककथांचा अभ्यास : कोणत्या क्रमाने करावा आणि कुठे चुका होतात

युरोपातील रोमा लोक मूळचे भारतातले, एवढे वाक्य वाचनात आले की आपल्याकडील बहुतेक अभ्यासू मंडळी थेट शब्दांच्या यादीला हात घालतात. पानी म्हणजे पाणी, कान म्हणजे कान, मनुष म्हणजे माणूस, कोन म्हणजे कोण. अशी पंचवीस-तीस शब्दांची यादी झाली की तिच्याखाली निष्कर्ष येतो : हे लोक म्हणजे आपले बंजारा, किंवा गझनीच्या महमूदाने नेलेले राजपूत, किंवा चक्क महाराष्ट्रातून गेलेले कोणी तरी. यादीतील शब्द सहसा बरोबर असतात, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकतो, कारण जे काम शेवटी करायचे ते आधी केलेले असते. मराठी वाचकाला रोमानी भाषा इतर अनेकांपेक्षा लवकर जवळची वाटते. हे त्याचे मोठे भांडवल आहे, आणि घसरतो तोही इथेच. म्हणून कामाचा क्रम खाली टप्प्याटप्प्याने दिला आहे.

पूर्वतयारी : वही, लिपी आणि दोन शब्दकोश

एका वहीत सहा रकाने आखावेत : रोमानी शब्द, तो ज्या बोलीतून घेतला तिचे नाव, अर्थ, संस्कृत किंवा प्राकृतातील जुने रूप, मराठी रूप आणि हिंदी किंवा पंजाबी रूप. दुसरा आणि शेवटचा रकाना लोक वगळतात, आणि पुढची अर्धी गडबड त्यातूनच होते.

देवनागरीत लिहिताना तीन गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवून टाकाव्यात. रोमानीत महाप्राण ‘ख’ आणि घशातून घासून येणारा ‘ख़’ हे दोन वेगळे ध्वनी आहेत. नुक्ता न देता दोन्ही सारखेच लिहिले तर ‘खेर’ (घर) आणि ‘ख़ा’ (खाणे) यांचा वेगवेगळा इतिहास पुसला जातो. ‘चार’मधला च आणि ‘चाळ’मधला च हा भेद आपण बोलण्यात पाळतो पण लिहिण्यात दाखवत नाही, रोमानीच्या रोमन लेखनात मात्र त्यांना स्वतंत्र अक्षरे आहेत, त्यामुळे आपणही एखादी खूण ठरवावी. तिसरे म्हणजे त्या लेखनातील ‘जे’ हे अक्षर बहुधा ‘य’ असा उच्चार दाखवते. डोळ्यासाठीचा शब्द ‘यख’ आहे आणि आगीसाठीचा ‘यग’. तो ‘जख’ किंवा ‘जग’ असा वाचून लोक ‘जागणे’ किंवा ‘जग’ या शब्दांशी त्याचे नाते जोडतात, ही चूक मी अनेकदा पाहिली आहे.

शब्दांसाठी रोमलेक्स हा बोलीवार शब्दसंग्रह महाजालावर उपलब्ध आहे. जुन्या रूपांसाठी राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक शब्दकोश आणि मराठीसाठी मोल्सवर्थ यांचा कोश, हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संग्रहात विनामूल्य शोधता येतात. टर्नर यांच्या कोशात एकाच नोंदीखाली रोमानी आणि मराठी रूपे शेजारीशेजारी दिलेली असतात, त्यामुळे निम्मे काम तिथेच होते.

टप्पा १ : नाव आणि बोली निश्चित करणे

‘रोम’ या शब्दाचा त्या भाषेतील साधा अर्थ पुरुष किंवा नवरा असा आहे आणि ‘रोमनी’ म्हणजे बायको. जर्मन भाषक प्रदेशातील सिंती, फ्रान्समधील मनुश, स्पेन आणि फिनलंडमधील काले, इंग्लंडमधील रोमनीचल, रुमानियातून पसरलेले तांबटकाम करणारे काल्देराश आणि घोड्यांचा व्यापार करणारे लोवारी, हे सारे स्वतःला वेगवेगळ्या नावांनी ओळखतात आणि त्यांच्या बोलीही सारख्या नाहीत. स्पेनमधील काले आणि इंग्लंडमधील रोमनीचल यांच्या बोलण्यात आज रोमानी व्याकरण उरलेले नाही, स्थानिक भाषेत मिसळलेले रोमानी शब्द तेवढे आहेत. तिथले उदाहरण घेऊन रोमानी वाक्यरचनेविषयी काही सांगता येणार नाही.

‘जिप्सी’ हा शब्द ‘इजिप्शियन’वरून आला, कारण पंधराव्या शतकात पश्चिम युरोपात पोहोचलेल्या टोळ्या ‘छोट्या इजिप्त’हून आल्याचे सांगत असत. काही इंग्रज गट हे नाव आजही अभिमानाने वापरतात, पण इतर अनेकांना ते शिवीसारखे वाटते. जर्मन ‘त्सिगॉयनर’ या शब्दाला तर आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत हातावर गोंदलेल्या ‘झेड’ अक्षराची आठवण चिकटलेली आहे. म्हणून लिहिताना त्या-त्या गटाचे स्वतःचे नाव वापरावे, आणि एकत्रित उल्लेखासाठी ‘रोमा’ किंवा ‘रोमा आणि सिंती’ असे लिहावे.

*सावधान :* ‘रोम’ हे नाव, मध्यपूर्वेतील ‘दोम’ आणि आर्मेनियातील ‘लोम’ यांसह, भारतीय ‘डोम’ या नावापासून आले, असे भाषाशास्त्रज्ञ सामान्यतः मानतात. हरिश्चंद्राच्या कथेतील डोंब आणि आपल्याकडील डोंबारी यांची नावेही याच कुळातली आहेत. नावाचे कुळ एक असले म्हणून माणसांचे कुळ एक ठरत नाही. एकच नाव वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या गटांना पडलेले असते.

टप्पा २ : तुलनेआधी उसने थर बाजूला काढणे

रोमानीचा प्रवास तिच्या शब्दसंग्रहात थराथराने साठलेला आहे. भारतीय थरावर इराणी, त्यावर आर्मेनियन, त्यावर ग्रीक, आणि मग स्लाव्ह, रुमानियन, हंगेरियन, जर्मन असे ज्या-त्या देशाचे थर बसले आहेत. आकडे मोजून पाहिले की हे लगेच दिसते : येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव येथवर भारतीय, पण पुढे एफ्ता, ओख़्तो, एन्या हे सात, आठ, नऊ ग्रीक आहेत, आणि देश (दहा) पुन्हा भारतीय. रस्त्यासाठीचा ‘द्रोम’ आणि फुलासाठीचा ‘लुलुदी’ हेही ग्रीकच. भट्टीसाठीचा ‘बोव’ आर्मेनियन आहे.

इराणी थराशी मराठी माणसाने विशेष जपून वागावे. रोमानीत ‘ज़ोर’ म्हणजे ताकद. आपण ‘जोर’ म्हणतो, तेव्हा हा शब्द यादीत घालण्याचा मोह होतोच. पण आपला ‘जोर’ फारसीतून आला आणि त्यांचाही इराणी भाषेतूनच. दोन शेजाऱ्यांनी एकाच दुकानातून घेतलेल्या वस्तूवरून त्यांची सोयरीक सिद्ध होत नाही.

*पडताळा :* वहीतील प्रत्येक शब्दासमोर थराचे नाव लिहिलेले आहे का? ज्या शब्दाचा थर सापडला नाही तो पुढच्या टप्प्यात नेऊ नये.

टप्पा ३ : साम्य न शोधता नियम शोधणे

दोन शब्द कानाला सारखे लागणे हा पुरावा नव्हे. एकाच प्रकारचा फरक अनेक शब्दांत पुन्हापुन्हा दिसणे हा पुरावा आहे. सुरुवात घोष महाप्राणांपासून करावी. संस्कृतातील घ, ध, भ यांच्या जागी रोमानीत ख, थ, फ येतात : घर–खेर, धूम–थुव (धूर), भ्राता–फ्राल (भाऊ), भूमी–फुव. दुधासाठी ‘थुद’ येतो, कारण शब्दाच्या शेवटचा महाप्राण पुढे सरकला आणि मग तोच नियम लागू झाला. जीभ ‘छिब’ झाली तीही त्याच वाटेने.

माझ्या वहीतील एक नोंद इथे दाखवतो. रोमानीत ‘खम’ म्हणजे सूर्य. मराठीत या आवाजाच्या जवळ काहीच सापडत नाही, म्हणून यादी करणारे हा शब्द सोडून देतात. वरचा नियम उलटा लावला की ‘ख’च्या जागी ‘घ’ येतो, आणि टर्नर यांच्या कोशात ‘घर्म’ म्हणजे उष्णता ही नोंद उघडली की तिच्याखाली रोमानी ‘खम’ आणि मराठी ‘घाम’ एकत्र सापडतात. तिकडे उष्णतेवरून अर्थ सूर्यावर गेला, इकडे अंगावरच्या पाण्यावर आला. तसेच भाकरी-पावासाठीचा ‘मानरो’ किंवा ‘मारो’ हा शब्द : तो ‘मंडक’पासून आला, म्हणजे खानदेशात उलट्या खापरावर भाजतात त्या मांड्याचा तो सख्खा भाऊ आहे. कानाला न जाणवणारी ही नाती ‘पानी–पाणी’पेक्षा अभ्यासाला कितीतरी जास्त उपयोगी आहेत, कारण ती योगायोगाने जुळत नाहीत.

यानंतर मराठी कुठे वेगळी पडते ते पाहावे. रोमानीत माशी म्हणजे ‘मख’ आणि डोळा म्हणजे ‘यख’. जुन्या ‘क्ष’चा इथे ‘ख’ झाला, जसा हिंदीतल्या ‘मक्खी’ आणि ‘आँख’मध्ये. मराठीत मक्षिकेची माशी झाली आणि कुक्षीची कूस. शब्दारंभीच्या ‘व’चेही तसेच आहे : वीस–बिश, वर्ष–बेर्श, विकणे–बिकिन. आपण ‘व’ टिकवला, रोमानीने हिंदीप्रमाणे ‘ब’ केला. अशा खुणांवरून टर्नर यांनी १९२६ साली मांडले की रोमानीचे सर्वांत जुने नाते मध्यदेशातील, म्हणजे हिंदीच्या पट्ट्यातील, भारतीय आर्य भाषांशी आहे. मात्र ‘त्रिन’, ‘वस्त’ (हात), ‘द्राख’ (द्राक्ष) यांतील जोडाक्षरे तिने टिकवली, जी मध्यदेशात लवकर मोडली आणि वायव्येकडे टिकली. म्हणून पुढे दीर्घकाळ ती वायव्येकडे राहिली असावी. ही मांडणी पुढे बहुतेकांनी स्वीकारली. महाराष्ट्राशी थेट नाते सांगणारी यादी ‘क्ष’ आणि ‘व’ या दोन खुणांच्या कसोटीवरच पडते.

टप्पा ४ : मराठी वाचकासाठीचे दोन खास सापळे

पहिला सापळा ‘दिवस’ हा शब्द. रोमानीत ‘दिवेस’, मराठीत ‘दिवस’, आणि हिंदीत मात्र ‘दिन’. तेव्हा मराठीच जवळची, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपला ‘दिवस’ संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शब्द आहे. घरात घासून तयार झालेला आपला शब्द ‘दीस’. ओवीत आणि कोकणीत तो आजही आहे. तुलना घासलेल्या शब्दांची करायची असते, पुस्तकातून आणलेल्यांची नाही.

दुसरा सापळा अधिक खोल आहे, आणि मी स्वतः त्यात पडलो होतो. रोमानी राष्ट्रगीत ‘गेलेम, गेलेम’ या शब्दांनी सुरू होते, अर्थ ‘मी गेलो, मी गेलो’. ते प्रथम ऐकले तेव्हा मला आपलेच कोणी तरी दूरवरून बोलल्यासारखे वाटले, आणि एका व्याख्यानात मी हे उदाहरण मराठीशी असलेल्या जवळिकीचा पुरावा म्हणून दिलेही. ते चूक होते. रोमानीतील ‘ल’ हा ‘गत’मधील ‘त’चा झालेला बदल आहे, त्याच नियमाने ‘मृत’चा ‘मुलो’ झाला, ‘लोहित’चा ‘लोलो’ (लाल) झाला आणि भ्रात्याचा फ्राल. मराठीच्या ‘गेला’मधील ‘ल’ मात्र प्राकृतात जोडल्या गेलेल्या ‘-इल्ल’ या वेगळ्या प्रत्ययातून आला आहे. पडताळणी सोपी आहे : मराठीत गेला तसाच केला, पण रोमानीत ‘गेलो’ आणि ‘केर्दो’, कारण ‘र’नंतर तो जुना त ‘ल’ न होता ‘द’ झाला. प्रत्यय एकच असता तर दोन्ही क्रियापदे सारखी चालली असती. तेव्हापासून एका शब्दाचे उदाहरण देण्याआधी त्याच नियमाचे दुसरे आणि तिसरे उदाहरण शोधल्याशिवाय मी ते लिहीत नाही.

*पडताळा :* तुमच्या यादीतील प्रत्येक जोडीसाठी ‘हाच फरक आणखी दोन शब्दांत दिसतो का?’ हा प्रश्न विचारा. नसेल तर ती जोडी पेन्सिलीने लिहा.

टप्पा ५ : व्याकरणावरून काळाचा अंदाज

मराठी माणसाला रोमानी विभक्ती समजायला वेळ लागत नाही. आपण ‘माणूस’चे सामान्यरूप ‘माणसा’ करून त्याला ‘-ला’, ‘-त’ लावतो, तसे तिथे ‘मनुश’चे ‘मनुशेस’ करून ‘-के’, ‘-ते’ लावतात. ‘मोठेपण’मधील ‘-पण’ आणि ‘रोमानिपेन’मधील ‘-पेन’ हे दोन्ही जुन्या ‘-त्वन’ प्रत्ययातून आले.

काळासाठी लिंगव्यवस्था पाहावी. रोमानीत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. मराठीने नपुंसकलिंग राखले. मध्यदेशातील भाषांतून नपुंसकलिंग गळाले ते पहिल्या सहस्रकाच्या अखेरीस, आणि त्या बदलात रोमानी सहभागी आहे. म्हणून तिचे बोलणारे त्या सुमारास अजून उपखंडात होते, असा तर्क केला जातो. गोर बंजारा बोली राजस्थानी भाषांच्या कुळातली आहे. तिची घडण आणि रोमानीची घडण या वेगळ्या वाटा आहेत. दोन्ही समाजांत भटकंती आणि आरशांचे कपडे दिसतात म्हणून त्यांना एक ठरवणे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

टप्पा ६ : लेखी इतिहास नोंदींकडून मागे वाचत जाणे

इथे सर्वांत मोठी चूक म्हणजे आरंभ दंतकथेपासून करणे. बहराम गूर या इराणी राजाने हिंदुस्थानातून हजारो वादक मागवले, ही फिर्दौसीच्या काव्यात आलेली कथा सुंदर आहे, पण ती प्रसंगानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहे, आणि ते वादक म्हणजेच रोमांचे पूर्वज, याला आधार नाही. उलट क्रमाने जावे : ज्या नोंदीविषयी शंका नाही तिथून सुरुवात करून एकेक पाऊल मागे.

वहीत देशवार पाने करावीत, कारण ‘रोमांचा इतिहास’ असा एक सलग इतिहास नाही. रुमानियाच्या पानावर १३८५ हे वर्ष येईल, जेव्हा वालाकियाच्या एका राजपत्रात मठाला दान दिलेल्या चाळीस रोमा कुटुंबांचा उल्लेख आहे; आणि त्याच पानाच्या शेवटी १८५५ आणि १८५६ येतील, जेव्हा मोल्दाव्हिया आणि वालाकियात ही गुलामी कायद्याने संपली. जवळपास पावणेपाच शतके माणसे दान दिली गेली, विकली गेली, वारशात वाटली गेली. आपल्याकडील लेखांत हे बहुधा नसतेच, कारण ‘भटक्या, मुक्त, गाणाऱ्या’ लोकांच्या चित्रात गुलामी बसत नाही. जर्मन पानावर १४१७च्या सुमारास पहिल्या टोळ्यांच्या नोंदी येतात. स्पेनच्या पानावर ३० जुलै १७४९ हा दिवस येतो, जेव्हा राजाज्ञेने देशभरातील हितानोंची (तिथल्या रोमांची) एकाच वेळी धरपकड झाली आणि पुरुष व स्त्रिया वेगवेगळ्या डांबल्या गेल्या.

भटकेपणाचे गृहीतकही तपासावे. पूर्व आणि मध्य युरोपातील बहुसंख्य रोमा पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहत आले आहेत. उत्तर मासेडोनियातील स्कोप्ये शहरात शुतो ओरिझारी ही रोमाबहुल नगरपालिकाच आहे.

*सावधान :* जुन्या नोंदी जवळजवळ सगळ्या बाहेरच्यांनी, त्याही दरबार, चर्च आणि पोलीस यांनी लिहिलेल्या आहेत. चोरीच्या नोंदी जास्त सापडतात त्या चोऱ्या जास्त होत्या म्हणून नव्हे. लोहारकाम, मोलमजुरी आणि वादन यांची नोंद कोणी ठेवत नसे.

१९७१ साली लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली. ८ एप्रिल हा दिवस तिच्यामुळे पाळला जातो. निळ्या-हिरव्या ध्वजावरील सोळा आऱ्यांचे चक्र याच परिषदेच्या सुमारास निश्चित झाले, आणि चंडीगडचे रोमा-अभ्यासक वीर राजेंद्र ऋषी तिथे हजर होते. ते चक्र भारताशी जाणीवपूर्वक जोडलेले नाते दाखवते. हजार वर्षे जपलेली आठवण म्हणून ते पुढे करू नये.

टप्पा ७ : लोककथा वाचताना आधी शेजारी, मग भारत

कथेसाठीचा रोमानी शब्द ‘परामिसी’ ग्रीक आहे, ही गोष्ट आरंभीच लक्षात ठेवावी. प्रत्येक कथेसमोर पाच गोष्टी लिहाव्यात : कोणी सांगितली, कोणत्या भाषेत, कोणासमोर, कोणी टिपली आणि केव्हा. यातील तीनही गोष्टी सापडत नसतील तर ती कथा ‘रोमा लोककथा’ म्हणून वापरू नये. एकोणिसाव्या शतकातील हौशी संग्राहकांनी बरेच काही स्वतः सजवलेले आहे.

मग तुलना आधी शेजाऱ्यांशी करावी. स्लोवाकियातील रोमा कथा ‘होते की नव्हते’ अशा अर्थाच्या ठरीव वाक्याने सुरू होतात. तेच वाक्य हंगेरियन कथांच्या आरंभीही असते. क्रुसासाठी खिळे घडवणाऱ्या रोमा लोहाराची कथा युरोपभर आहे. रोमेतर माणूस ती सांगतो तेव्हा लोहार शापित ठरतो; काही रोमा कथनांत मात्र एक खिळा लपवणारा रोमा येशूच्या वेदना कमी करतो आणि आशीर्वाद मिळवतो. सांगणारा लिहून ठेवला नाही तर कथेचा अर्थच उलटा होतो.

पंचतंत्रातील एखादा प्रसंग सापडला तरी घाई करू नये. ते पुस्तक सहाव्या शतकात पहलवीत (जुन्या इराणी भाषेत), आठव्या शतकात अरबीत आणि पुढे युरोपीय भाषांत गेले. रोमा युरोपात येण्याआधी त्या कथा तिथे पोहोचल्या होत्या. विटाळाविषयीच्या ‘मरिमे’ या कल्पनेचेही असेच आहे. सोवळ्याओवळ्याशी ती जुळते खरी, पण तो शब्द ग्रीकवरून आलेला मानतात आणि सर्व गटांत तो नाही. साम्य नोंदवावे, उगमाचा रकाना रिकामा ठेवावा.

टप्पा ८ : माणसांशी बोलण्यापूर्वी

युरोपात राहणारे अनेक मराठी लोक आता थेट रोमा कुटुंबांशी बोलून माहिती गोळा करू पाहतात. त्यांनी आधी हे वाचावे. १९३६ पासून बर्लिनमध्ये रॉबर्ट रिटर यांच्या वंशशास्त्रीय केंद्राने हजारो रोमा आणि सिंती माणसांच्या वंशावळ्या गोळा केल्या. त्यांची सहकारी एफा युस्टिन रोमानी बोलत असे, आणि लोक तिच्याशी मोकळेपणाने बोलत. मुलफिंगेन येथील अनाथालयातील जवळपास चाळीस सिंती मुलांचा तिने आपल्या प्रबंधासाठी अभ्यास केला. प्रबंधाचे काम होईपर्यंत ती मुले तिथेच ठेवली गेली. मे १९४४ मध्ये त्यांना आउश्वित्झला पाठवले, आणि त्यांतील मोजकीच वाचली. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथल्या रोमा छावणीतील उरलेल्या चार हजारांहून अधिक लोकांना मारण्यात आले. ज्यांच्या घरात ही आठवण आहे ते आजी-आजोबांची नावे विचारणाऱ्या पाहुण्याकडे संशयाने पाहत असतील, तर त्यांना तो अधिकार आहे.

म्हणून वंशावळ विचारू नये. मृतांची नावे तर मुळीच विचारू नयेत. अनेक सिंती आणि मनुश कुटुंबांत मृताचे नाव उच्चारत नाहीत. ध्वनिमुद्रणाची परवानगी दरवेळी नव्याने घ्यावी, आणि शब्द, कथा किंवा छायाचित्र कुठे छापले जाणार आहे ते आधी सांगावे. काही सिंती गट आपली भाषा बाहेरच्यांना शिकवत नाहीत. तिथे आग्रह न धरता प्रकाशित साहित्यावर काम करावे. ब्रनो येथील रोमानी संस्कृतीचे संग्रहालय आणि हायडेलबर्ग येथील जर्मन सिंती-रोमा केंद्र, या दोन्ही ठिकाणी त्या समाजांनी स्वतः मांडलेला भरपूर ऐवज आहे.

‘तुम्ही आमचेच’ हे वाक्य पहिल्या भेटीत बोलू नये. काहींना ते आवडते, काहींना आपल्या पाच-सहाशे वर्षांच्या स्लोवाक किंवा स्पॅनिश आयुष्याचा तो नकार वाटतो. आधी त्यांच्या बोलीतला एखादा शब्द विचारावा, तो नीट उच्चारून दाखवावा, आणि चुकला तर दुरुस्त करून घ्यावा. वहीच्या दुसऱ्या रकान्यात मग बोलीसोबत गावाचे नावही लिहिता येते.